पातेऱ्यातले पेटी-माइट: नरसाळ्यात का येत नाहीत, शोधायचे कुठे, ओळखायचे कसे

पातेरा_खानापूर

कंपोस्टच्या धाग्यावर ओरिबॅटिड माइटचा (माती-पातेऱ्यात राहणाऱ्या सूक्ष्म माइटचा) विषय निघाला आणि तिथं तो नीट मावत नव्हता, म्हणून वेगळा धागा काढला. विषय फक्त एकाच कुळाचा, फ्थिराकॅरिडी. पालापाचोळ्यात आणि कुजक्या लाकडात राहणारे पेटी-माइट.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. गोचीड आणि लाल कोळी यांच्याच मोठ्या गटातले हे जीव, पण ना रक्त पितात ना हिरवं पान शोषतात. आकार बहुतेकदा ०.३ ते १ मिमी, काही जाती त्याहून थोड्या मोठ्या. रंग फिकट पिवळसर ते गडद तांबूस. शरीराचे दोन भाग: मागचा फुगीर, कडक नोटोगॅस्टर आणि पुढची ढालीसारखी अ‍ॅस्पिस, दोन्हींमध्ये बिजागरी. धोका वाटला की आठही पाय आणि तोंड आत ओढून घेतात आणि अ‍ॅस्पिस झाकणासारखी बंद होते. बंद झालेला माइट डोळ्यांना वाळूचा कण नाहीतर बारीक बी वाटतो. हलतही नाही.

सगळी गोम इथंच आहे. नेहमीचं बर्लीज-टुलग्रेन नरसाळं (जाळीवर पातेरा, वरून उष्णता, खाली बाटली) चालतं ते जीव स्वतः चालत खाली येतात या भरवशावर. अंतोनियो बर्लीजनं १९०५ मध्ये ते मांडलं तेव्हा उष्णता गरम पाण्याची होती, १९१८ मध्ये टुलग्रेननं वर दिवा लावला. स्प्रिंगटेल (मातीतले उड्या मारणारे बारीक जीव), इतर ओरिबॅटिड, छोटे कोळी भराभर उतरतात. पेटी-माइट सहजासहजी उतरत नाही, कारण एकदम उष्णता लागली की तो मिटून बसतो आणि तिथंच वाळून मरतो. त्याची पिल्लं तर लाकडाच्या आतच असतात, ती बाहेर यायचा प्रश्नच नाही. म्हणून बेळगाव जिल्ह्यात, आपल्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यातल्या पातेऱ्यात "पेटी-माइट फार कमी" असं नरसाळ्यावरून कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. ते मोजमाप नरसाळ्याचं आहे, जंगलाचं नाही.

पद्धत खाली क्रमाक्रमानं टाकतो. शंका मध्येच विचारा.

पातेरा_खानापूर

आधी नमुना. खानापूरच्या पश्चिमेला जांभूळ, अंजनी, हिरडा, किंजळ यांच्याखाली पातेऱ्याचे थर सरळ दिसतात. वरचा कोरडा, अख्ख्या पानांचा थर बाजूला सारा, त्यात काही नाही. खालचा काळपट, ओलसर, पानाच्या नुसत्या शिरा उरलेला थर आणि त्यातल्या बोटाएवढ्या काटक्या, हे आपलं. हाताला जांभ्याची माती लागली की थांबायचं.

लाकूड निवडताना साल सुटलेलं, नख दाबलं की रुतणारं, पण हातात पिठासारखं न होणारं घ्या. १ ते ३ सेंमी जाडीच्या फांद्या सगळ्यात चांगल्या. बुरशीनं आधी मऊ केल्याशिवाय हे लाकूड खात नाहीत, त्यामुळे नुकती पडलेली टणक फांदी उचलण्यात अर्थ नाही. फणसाच्या आणि सागाच्या पानांचे जाड देठसुद्धा सोडू नका, त्यातही पिल्लं पोखरत असतात.

काळ: ऑक्टोबर ते डिसेंबर. आषाढात पातेरा इतका भिजलेला असतो की नरसाळ्यातून पाणीच ठिबकतं आणि खालचं अल्कोहोल पातळ होतं. चैत्र-वैशाखात सगळे जीव ओंडक्याच्या आत ओलाव्याला गेलेले असतात.

जांभा

पावसाळ्यात आणलाच तर सावलीत वर्तमानपत्रावर अर्धा दिवस पसरून ठेवावा, उन्हात नाही. कागदाच्या कडा वर वळवून ठेवा, नाहीतर निम्मे जीव जमिनीवर.

पातेरा_खानापूर

बरोबर. आता नरसाळं. ते पूर्ण टाकून द्यायचं नाही, हळू चालवायचं.

पत्र्याचं नरसाळं २५ ते ३० सेंमी तोंडाचं, पत्रेवाल्याकडून करून घ्या आणि आतला सांधा बाहेरच्या बाजूनं झाळायला सांगा. आत झाळ राहिली की जीव तिथं अडकतात. २० लिटर पाण्याच्या जारचा वरचा भाग उलटा वापरला तरी चालतो, फक्त आतून ओल्या फडक्यानं पुसून घ्या. कोरड्या प्लॅस्टिकला स्थिर वीज येते आणि माइट भिंतीला चिकटून राहतात.

जाळी २ मिमी भोकाची. मच्छरदाणी बारीक पडते, मोठ्या जाती पाय पसरून त्यावर अडकतात. गवंड्याची वाळू चाळायची जाळी उलट फार मोठी, सगळा कचरा खाली येतो.

थर ३ ते ५ सेंमी, त्याहून जाड नको. जाड थराचा मधला भाग ओला राहतो आणि जीव तिथंच घुटमळतात. पातेरा उलटा ठेवा, म्हणजे जंगलात जी बाजू वर होती ती खाली.

बल्ब जुन्या पद्धतीचा तारेचा, २५ वॅट. एलईडी लावू नका, त्यात उजेड असतो पण उष्णता जवळजवळ नसते. पहिले दोन दिवस बल्ब लावूच नका, नुसता खोलीत वाळू द्या. तिसऱ्या दिवशी ३० सेंमी उंचीवर, पाचव्या दिवशी १५ सेंमीवर आणा. एकूण ८ ते १० दिवस. इतर ओरिबॅटिडसाठी ४-५ दिवस पुरतात, पेटी-माइट घाई केली की मिटतात.

खाली बाटलीत ७० टक्के अल्कोहोल आणि ५ टक्क्यांपर्यंत ग्लिसरीन. अल्कोहोल उडून गेलं तरी ग्लिसरीनमुळे नमुना सुकत नाही.

तिळकवाडी

अल्कोहोल कुठलं? इथं रेक्टिफाइड स्पिरिट सहजासहजी मिळत नाही.

भिंगवाली

आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. ९९ टक्क्यांचं ७०० मिली, त्यात डिस्टिल्ड वॉटर घालून १ लिटर करा. नळाचं पाणी नको, क्षारांचा साका नमुन्यावर बसतो आणि भिंगाखाली तो पृष्ठभागावरची नक्षी असल्यासारखा दिसतो. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट चालेल. हँड सॅनिटायझरचं जेल अजिबात नाही. डीएनएसाठी नमुने हवे असतील तर मात्र ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉलच लागतं, मग हा प्रकार उपयोगाचा नाही.

पातेरा_खानापूर

ताई, धन्यवाद. पुढं मुख्य काम, लाकूड उकलायचं. हे कंटाळवाणं आहे, पण या कुळाची खरी माहिती इथंच मिळते.

१० सेंमी लांबीचा तुकडा घ्या, पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवा. आधी आडवा मोडा. मोडलेल्या तोंडावर १० पट भिंगातून बघा. बारीक गोल भोकं आणि त्यात गच्च भरलेल्या तपकिरी लंबगोल लेंड्या दिसल्या तर पुढं जा. त्या साधारण एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतात, सगळ्या एका मापाच्या, कडा गुळगुळीत. मग चाकूनं धाग्याच्या दिशेनं उभं उकला, कापू नका. कापलं की बोगद्याबरोबर आतला जीवही कापला जातो.

आत पांढरट, मऊ, फुगीर पिल्लं मिळतात. अंड्यातून आलेल्या अळीला सहाच पाय, त्यानंतरच्या तीन निम्फ अवस्थांना आठ. पिल्लांना मिटता येत नाही, ती कला प्रौढालाच. बोगद्यातच राहायचं असल्यानं त्यांना तशी गरजही नसावी. पिल्लू उचलायला सुई नको, ओल्या केलेल्या बारीक ब्रशचं टोक. ००० नंबरचा चित्रकलेचा ब्रश ठीक.

काजूबाग

खानापूर-चंदगडकडं काजूच्या बुंध्यातून भुसा पडतो, डिंक पण येतो. हे तेच का? औषध मारायला लागेल काय?

जांभा

नाही हो. जिवंत झाडातून भुसा आणि डिंक येतोय म्हणजे खोड आणि मूळ पोखरणारा भुंगेरा, त्याची अळी बोटाएवढी होते. भुसा खरखरीत, दोऱ्यासारखा, बुंध्याजवळ ढीग करून. पेटी-माइट जिवंत लाकूड खात नाहीत, डिंक काढत नाहीत आणि त्यांच्या लेंड्या बोगद्याबाहेर सहसा पडत नाहीत. तुमच्या झाडाची साल बुंध्याशी खरवडून अळ्या बाहेर काढणं हे पहिलं काम, लवकर दिसलं तर झाड वाचतं. खाली पडलेल्या कुजक्या काजूच्या फांद्यांत पेटी-माइट सापडले तर त्यांना राहू द्या.

लाकडातला भुसा ओळखायची ढोबळ खूण: मातीनं लिंपलेले बोगदे असतील तर वाळवी, टाल्कम पावडरसारखी पूड असेल तर लाकूड पोखरणारे छोटे भुंगेरे, एकसारख्या लंबगोल दाण्यांनी भरलेले बोगदे असतील तर ओरिबॅटिड.

चिकोडीचा_ऊसवाला

आमच्याकडं जंगल न्हाई, पाचट लै. पाचटात हे सापडत्यात काय? आणि सापडले तर चांगलं की वाईट?

पातेरा_खानापूर

पाचट न जाळता सरीत ठेवलं तर ओरिबॅटिड भरपूर येतात, पण बहुतेक दुसऱ्या कुळांचे. पेटी-माइटला लाकडासारखं काहीतरी हवं आणि महिनोन्महिने कुणी न हलवलेली जागा हवी. ओरिबॅटिड अंडी कमी घालतात, वाढतात हळू. दरवर्षी नांगर फिरला की हे कुळ मागं पडतं. बांधावरची जुनी आंब्याची, बाभळीची मुळं आणि पडलेले ओंडके बघा, तिथं जास्त शक्यता.

चांगलं की वाईट, तर चांगलंच. कुजलेला पाला चावून त्याच्या बारीक लेंड्या करतात. त्यामुळे जिवाणू आणि बुरशीला काम करायला पृष्ठभाग वाढतो. मात्र खत त्यांच्यामुळे होतं असं कुणी विकत असेल तर घेऊ नका. मुख्य काम बुरशी आणि जिवाणूंचं.

माळरान

थोडं अवांतर. मेंढ्यांच्या पट्टकृमीला ओरिबॅटिड कारणीभूत असतात ना? मग हे पाळायचे कशाला?

भिंगवाली

मोनिझिया नावाचा पट्टकृमी. त्याची अंडी लेंडीतून गवतावर पडतात, ओरिबॅटिड ती खातात, आत कृमीची पुढची अवस्था तयार होते आणि मेंढी गवताबरोबर माइट खाते. पण हे मुख्यतः कुरणात राहणारे, गॅलुम्निडी आणि शेलोरिबॅटिडी कुळातले. गॅलुम्नाला बाजूला पंखासारखे रुंद पडदे असतात, एकदा बघितलं की विसरत नाही. पेटी-माइट लाकडात राहतात, मेंढीच्या तोंडाशी यायची शक्यता फार कमी. उपाय म्हणून दव सुकल्यावर चरायला सोडा. ओलाव्यात, पहाटे आणि संध्याकाळी, हे माइट गवताच्या पात्यावर चढतात.

तिळकवाडी

ओळखीकडे येऊ का? मिटलेला माइट आणि बुरशीची गाठ यात फरक कसा करायचा? दोन्ही तपकिरी, दोन्ही गोल.

पातेरा_खानापूर

४० पट स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली, वरून तिरका उजेड टाकून. सुईनं लोळवा. माइट असेल तर एका बाजूला अ‍ॅस्पिसची कड रेषेसारखी दिसते आणि पोटाच्या बाजूला पट्ट्यांच्या दोन जोड्या. बुरशीच्या गाठीला अशी रेषा नसते, दाबली तर भुगा होते. नोटोगॅस्टरवर केसही दिसतील, या कुळात साधारणपणे १५ जोड्या. जिवंत असेल तर ओल्या टिपकागदावर ठेवून उजेड कमी करा आणि थांबा. सुईनं उघडायला जाऊ नका, जितकं डिवचाल तितका जास्त वेळ मिटून राहील. पाय बाहेर येतात ते शरीरातल्या द्रवाच्या दाबानं, पोटाच्या पट्ट्या आत ओढून तो दाब तयार होतो.

कूळ ठरवताना पोटाकडून बघा. जननपट्ट्या आणि गुदपट्ट्या रुंद, आडव्या पसरट असतील तर फ्थिराकॅरिडी. अरुंद, लांबट, एका उभ्या पट्टीत असतील आणि शरीर बाजूंनी चपटं असेल तर युफ्थिराकॅरिडी. ते पण मिटतात, त्यामुळे नुसतं मिटणं ही खूण धरू नका. मिटायची ही रचना ओरिबॅटिडमध्ये तीन वेगवेगळ्या वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली, असं मानलं जातं. मेसोप्लोफोरा आणि प्रोटोप्लोफोरा हेही मिटतात, पण त्यांच्या कुळांचा आपल्या कुळाशी जवळचा संबंध नाही.

मलप्रभा

+१. प्रजातीचं काय? फ्थिराकॅरस की स्टेगॅनाकॅरस हे फोटोवरून विचारणारे खूप असतात.

भिंगवाली

फोटोवरून सांगणाऱ्यापासून लांब राहा. ढोबळ अंदाज इतकाच की नोटोगॅस्टर गुळगुळीत असेल तर फ्थिराकॅरसचा संशय घ्यायचा, खळगे-खळगे असतील तर स्टेगॅनाकॅरस किंवा त्याच्या जवळच्यांचा. पक्कं ठरवायला गुदपट्टीवरचे केस कुठं आहेत, जननपट्टीवरच्या ९ जोड्यांची मांडणी कशी आहे, बोथ्रिडियममधला (अ‍ॅस्पिसवरच्या खळग्यातला) सेन्सिलस हा संवेदी केस किती लांब आणि कुठल्या आकाराचा आहे, पायांवरचे केस, हे सगळं लागतं. त्यासाठी सुटा करून बघावाच लागतो.

खळग्याची काचपट्टी घ्या, त्यात लॅक्टिक अ‍ॅसिड, कव्हरस्लिप खळग्यावर अर्धीच सरकवा. उघड्या बाजूनं सुई आत घालून नमुना फिरवता येतो, हव्या त्या बाजूनं बघता येतो. ग्रांजाँ या फ्रेंच अभ्यासकाची ही पद्धत, अजूनही हिला तोड नाही.

आता या कुळाची खास अडचण. यांच्या कवचात कॅल्शियम कार्बोनेट असतं. लॅक्टिक अ‍ॅसिड लागलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात आणि ते शरीराच्या आत अडकतात. नवखा माणूस समजतो की नमुना खराब झाला. झालेला नसतो. अ‍ॅसिड आधी पाण्यानं निम्मं करा, बुडबुडे थांबेपर्यंत एक-दोन दिवस ठेवा, मग पूर्ण ताकदीचं घाला. आतला बुडबुडा जातच नसेल तर अ‍ॅस्पिस आणि नोटोगॅस्टरच्या फटीत सुईचं टोक घालून वाट मोकळी करा. गरम करायचं तर ५० अंशांच्या आसपास, ज्योतीवर कधीच नाही, नमुना फुटतो.

जांभा

कवचातला चुना गेला की ते मऊ पडतं, हे पण लिहा. त्यानंतर कव्हरस्लिपचा नुसता भार पडला तरी चेपतं.

भिंगवाली

हो, म्हणूनच खळग्याची पट्टी. सपाट काचेवर हॉयरच्या माध्यमात (नमुना पक्का बसवायच्या द्रावणात) कायमची स्लाइड करायचा मोह टाळा. गोल शरीर दाबून पोळी झाली की पट्ट्यांची रुंदी मोजण्यात काही अर्थ उरत नाही. सुटे केलेले पाय आणि तोंडाचे भाग तेवढे स्लाइडवर ठीक. बाकी शरीर पाण्यानं धुऊन परत अल्कोहोलच्या छोट्या कुपीत. अ‍ॅसिड तसंच राहिलं तर उरलेला चुनाही खाऊन टाकतं.

सुटं करायला इन्सुलिनची सुई उत्तम, टोक तिरकं आणि धारदार असतं. एका सुईनं नोटोगॅस्टर धरायचं, दुसरी बाजूनं फटीत घालून अ‍ॅस्पिस पुढं ओढायची. पाय आणि तोंड तिच्याबरोबर निघून येतात. पोटाकडून सुई घालू नका, पट्ट्या तुटतात आणि ओळख तिथंच संपते.

कंपोस्टप्रेमी

मिठाच्या पाण्यात तरंगवून काढता येत नाहीत का? मातीतले जीव तसे काढतात.

पातेरा_खानापूर

पातेऱ्याखालच्या मातीसाठी चालतं. १ लिटर पाण्यात ३५० ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळतं, त्यात माती ढवळून १५ मिनिटं ठेवली की मिटलेले, मेलेले सगळे वर येतात. नरसाळ्यातून न आलेल्यांची तिथं बेरीज होते. पण लाकडाच्या चुऱ्याला ही पद्धत लावू नका, लाकूडही तरंगतं आणि वर नुसती साय जमते. काढलेले नमुने लगेच गोड्या पाण्यानं धुवा, नाहीतर मिठाचे खडे बसतात.

मलप्रभा

परवानगीचं कुणी बोललं नाही. खानापूर तालुक्यातलं भीमगड हे अभयारण्य आहे २०११ पासून. तिथून काडीही उचलायला वनखात्याची लेखी परवानगी लागते, माइट डोळ्यांना दिसत नाही ही सबब चालत नाही. राखीव जंगलालाही तेच. शिकायचं असेल तर स्वतःच्या किंवा ओळखीच्या मालकीची राई, बांध, काजूची बाग पुरेशी आहे. आणि नमुने ओळखीसाठी परदेशात परस्पर पोस्टानं पाठवू नका. जैवविविधता कायदा २००२ चा आहे, राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी हा वेगळा विषय आहे.

पातेरा_खानापूर

महत्त्वाचं लिहिलंत. धाग्याच्या वर टाकतो.

तिळकवाडी

जिवंत ठेवून बघायचे असतील तर?

जांभा

झाकणाची छोटी डबी, तळाला ९ भाग प्लास्टर ऑफ पॅरिस आणि १ भाग लाकडी कोळशाची पूड, १ सेंमी थर. कोळशामुळे तळ काळा होतो, फिकट पिल्लं उठून दिसतात. प्लास्टर पाणी शोषून ओलावा धरून ठेवतं. त्यावर ज्या फांदीत सापडले तिचेच दोन-तीन तुकडे. दुसऱ्या झाडाचं लाकूड घातलं तर बऱ्याचदा खात नाहीत, बहुधा बुरशी वेगळी असते. प्लास्टर चकाकायला लागलं तर पाणी जास्त, फिकट पडलं तर कमी. पांढरी बुरशी पसरली तर चार-पाच स्प्रिंगटेल सोडा, ते खातात. मे महिन्यात डबी ओल्या वाळूच्या परातीत ठेवा, ३० अंशांवर गेली की पिल्लं आधी मरतात.

लाकूड आणताना प्लॅस्टिक पिशवीचं तोंड बांधून गाडीत ठेवू नका, आत वाफ धरते. कापडी पिशवी, वर ओलं फडकं.

भिंगवाली

आणि चिठ्ठी कुपीच्या आत टाका, बाहेर चिकटवलेली गळून पडते. पेन्सिलीनं लिहा, जेल पेन अल्कोहोलमध्ये विरघळतं, प्रिंटरची शाईही सुटते. त्यावर जिल्हा, तालुका, गाव, उंची, तारीख एवढं तर हवंच. या कुळासाठी आणखी तीन गोष्टी: झाड कुठलं, फांदी किती जाड होती, आणि जीव बोगद्यातून काढला, पातेऱ्यातून की नरसाळ्याच्या बाटलीतून.